ओवीतला नवरदेव

ब्लॉग कसा लिहावा हे मला कुणी शिकवू नये! पहिल्या ओळीत हसवून शेवटच्या ओळीत रुमाल काढायला लावणारा माणूस आहे मी. निदान आमच्या विभागात सगळ्यांना मी तसं सांगून ठेवलं होतं.

राज्य नवं, राजधानी नवी, मग आमच्या विद्यापीठालाही काहीतरी नवं हवंच होतं. म्हणून ब्लॉग निघाला. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या अभ्यासाबद्दल, संशोधनाबद्दल त्यावर लिहायचं. सुरुवातीला त्यावर ग्रंथालयाच्या वेळा आल्या. मग रसायनशास्त्राच्या सरांचा गंजावरचा लेख आला, तो त्यांच्या सौभाग्यवतींनीही अर्धाच वाचला म्हणे.

"आता माझा लेख बघा," मी म्हणालो, "सगळं रायपूर वाचेल!"

सगळ्या रायपूरनं वाचला. तेच तर झालं!

माझ्या पीएचडीचा विषय जात्यावरच्या ओव्या. विदर्भातून रेल्वेच्या नोकरीपायी इथं आलेल्या घरांतल्या. ओवी मोठी लाजरी. पुरुष दिसला की चिमणीसारखी भुर्र! म्हणून सोबत देवश्रीला नेलं. ती माझ्याच विभागात लोककथांवर पीएचडी करते. गुढियारीत, मालधक्क्याच्या मागं, रेल्वेवाल्या घरांत सगळ्यांना ठाऊक असलेल्या सुशीलाकाकूंनी आमच्यासाठी मूठभर ज्वारी घेऊन जातं मांडलं. पिठाची पांढरी झालर जात्याभोवती सांडू लागली, पलीकडं शंटिंगचं इंजिन हुंकार देत होतं, आणि काकूंचा आवाज त्या दोन्हींच्या मधून वाट काढत आला.

ओवीची एक रीत आहे. चाल जुनी, शब्द जुने, पण नावाची जागा मोकळी. दळणारी बाई तिथं लेकीचं नाव घालते, भावाचं घालते, नाहीतर समोर जो बसेल त्याचं. समोर आम्ही दोघं. काकूंनी घातलं!

*मांडवाला काठी, हळदीला वाटी,*
*देवश्रीच्या गाठी आशयाशी.*

आशय म्हणजे मी. देवश्री खुदकन हसली. माझे कान जात्याच्या दगडासारखे तापले.

"काकू, दुसरं नाव घाला ना!"

"काहून? तोंडात आलेलं नाव मी वापस नाही पाठवत, बाप्पा!"

आता आमच्या मार्गदर्शक मीनाक्षी मॅडम. त्यांचा दंडक एकच: "लोकांचा शब्द लोकांचा. एक अक्षर बदललंत तर प्रबंधाचं प्रकरण फाडीन!" एकाचं फाडलंही होतं. म्हणून मी ओवी जशीच्या तशी लिहिली, खाली नावाची रीत समजावणारे दोन परिच्छेद लिहिले, अगदी पाझर फोडणारे, आणि लेख संगणक विभागातल्या सचिनभैयाकडं दिला.

सचिनभैया घरी मराठी ऐकतो आणि हिंदीत उत्तर देतो. त्याला मांडव दिसला, हळद दिसली, दोन नावं दिसली. खालचे परिच्छेद लांबलचक वाटले म्हणून उडवले. भोवती झेंडूच्या फुलांची चौकट टाकली, जात्याजवळचा आमचा फोटो लावला आणि वर ठसठशीत मथळा दिला: 'शुभ समाचार!'

सकाळी कँटीनमध्ये शिरलो तर टाळ्या! "बधाई हो भैया! पेढे?" रसायनशास्त्राच्या सरांनी गळ्यात पडून सांगितलं की संसारात गंज चढू देऊ नका. तोवर शंकर नगरच्या घरून आईचा फोन. हुंदके देत होती.

"सख्ख्या आईले ब्लॉगवरून कळावं! मुलगी चांगली आहे ना पण? बरं, मामीची साडी कोणत्या रंगाची घेऊ?"

"आई, ती ओवी आहे!"

"असू दे, नाव काहीही असू दे. मी प्रेमानंच वागवीन."

मी फोन ठेवला आणि समोर देवश्री. चेहरा पिठासारखा पांढरा.

"आशय, तू हे काय करून ठेवलं? रविवारी अकोल्याचे पाहुणे मले पाहायले येऊन राहिले! बाबांनी आधीच बजावलं होतं, नावाची चर्चा झाली की पीएचडी बंद. चार वर्षांची मेहनत माझी! समजते का तुले काही?"

समजलं. या वेळी जात्यात ज्वारी नव्हती, मीच होतो.

धावत सचिनभैयाकडं गेलो. "भैया, हटाओ!"

"अरे, इतने लोगों ने पढ़ा है आज तक किसी का?" तो अभिमानानं म्हणाला. "कुलसचिव साहब ने खुद बधाई लिखी है। हटाऊँ कैसे?"

रडकुंडीला आलो तेव्हा कुठं त्यानं हटवलं. पण तोवर कुणीतरी त्याची प्रत काढून मराठी मंडळाच्या फलकावर लावली होती, गणपतीच्या वर्गणीच्या शेजारी! आणि संध्याकाळी देवश्रीचा निरोप आला: 'बाबांनी वाचलं. उद्या विभागात येतो म्हणाले.'

थेट विभागात! हे फोनवर रागावण्यापेक्षा वाईट. देवश्रीचे बाबा यशवंतराव म्हणजे रेल्वेचे निवृत्त गार्ड. त्यांनी आयुष्यभर हिरवी झेंडी आणि लाल झेंडी अशा दोनच भाषा वापरल्या. आणि माझ्यासाठी हिरवी कशाला काढतील?

दुसऱ्या दिवशी ते आले. मिशा इस्त्रीच्या, हातात फलकावरून काढलेली प्रत. मीनाक्षी मॅडम उभ्या राहिल्या, देवश्री भिंतीला टेकली. मी रात्री पाठ केलेली माफी सुरू केली.

"काका, सगळी चूक माझी. देवश्रीचा यात काही..."

"थांब!" लाल बावटा. "हे ओवी सुशीलेची नं?"

"हो काका."

"मंग तू कायले रडून राहिला? माझी माय दळाले बसली का कोणाचंही नाव घाले. एकदा तं तिनं माझ्या आत्याचं लगन पोस्टमनसंगं लावलं होतं! त्याले बायको होती, चार पोरं होती! रीत हाय ते."

"म्हणजे तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावलो नाही तं काय! रात्रभर झोप नाही मले!" त्यांनी प्रत टेबलावर आपटली. "लगनाची ओवी, आन् बापाचं नाव नाही? पोरगी काय प्लॅटफॉर्मवर सापडली?"

मॅडमनी पदर तोंडाला लावला. देवश्रीनं हळूच विचारलं, "बाबा, मंग अकोल्याचे पाहुणे?"

"काल फोन आला त्यांचा. म्हणे, मुलीचं बाहेर काही हाय का? मी म्हटलं, ज्या घरात ओवी समजत नाही त्या घरी माझी पोट्टी काय बोलन, कोणाशी बोलन? राहू द्या. तू तुझं पुस्तक पुरं कर, बाई."

देवश्रीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्याही आलं. आणि त्या ओलाव्यात मला जरा धीर आला, छाती किंचित पुढं आली. मी म्हणालो, "पण काका, माझ्यावर तुम्हाला जराही संशय नाही आला?"

यशवंतरावांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, थांबायची गरज नसलेल्या स्टेशनाकडं पाहावं तसं.

"तुझ्यावर? नाही बाप्पा! तुले कोण खरा नवरदेव समजन?"

सगळे हसले. देवश्री सगळ्यांत जास्त. तिनं थोडं कमी हसायला हरकत नव्हती.

आम्ही पुन्हा गुढियारीला गेलो, या वेळी यशवंतरावांसह. ते जात्यासमोर मांडी घालून, मिशा सावरून बसले. काकूंनी पदर खोचला, खुंटा धरला आणि ज्वारीबरोबर आमची नावंही नव्यानं दळायला घेतली.

*मांडवाला काठी, हळदीला वाटी,*
*देवश्रीच्या गाठी पुस्तकाशी.*
*यशवंताघरी गर्दी झाली भारी,*
*जोडे राखी दारी आशय तो.*

"काकू," मी कळवळून म्हणालो, "ते शेवटचं तरी बदला ना!"

"काहून? काम तं देलं ना तुले!"

मी आशेनं मीनाक्षी मॅडमकडं गेलो. त्यांनी ओवी वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "एक अक्षरही नाही!"

टाकली ब्लॉगवर. सगळ्या रायपूरनं वाचली. आता मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो की लोक दारातच चपला काढतात, माझ्याकडं बघून गोड हसतात आणि निर्धास्त आत जातात.