एकशे चौदा पायऱ्या आणि दोन तृतीयांश

वरच्या आळीतून खालच्या बाजारात उतरायला एकशे चौदा दगडी पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा नाही. एका बाजूला भिंत आहे, ती शेवाळलेली. दुसऱ्या बाजूला हवा आहे. नगरपालिकेच्या दप्तरात या पायऱ्यांची स्थिती 'समाधानकारक' अशी नोंदलेली आहे, कारण पाहणीला आलेले अभियंते खालूनच वर बघून परत गेले होते.

कठडा बसवावा, असा पहिला अर्ज तराजूच्या वडिलांनी केला. तराजू म्हणजे नगरपालिकेच्या निवडणूक विभागातला एकुलता एक कारकून. तो कुणाच्याच बाजूने बोलत नसे, म्हणून गावाने त्याचं नाव तराजू पाडलं आणि त्यालाही ते आवडलं. वडिलांनी अकरा वर्षं दरवर्षी नवा अर्ज केला, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. तीन वर्षांपूर्वी ते साध्या तापाने गेले, पलंगावरच. अर्ज मात्र जिवंत राहिला, आणि एखादं चालतं दुकान हाती घ्यावं तसा तो आईने हाती घेतला.

आईचं म्हणणं सरळ होतं. तिची धाकटी बहीण खाली बाजारामागे राहते. दर गुरुवारी दोघी बहिणी भेटतात, तासभर सगळ्या नातेवाइकांची सालं काढतात आणि त्यावर आठवडा निघतो. बहिणीला दम लागतो, ती वर येऊ शकत नाही. आईचे गुडघे आता कुरकुरत होते. गाडीरस्ता दोन वर्षांपूर्वी खचला होता आणि त्याच्या दुरुस्तीचा विषय कठड्याच्या विषयानंतर घ्यायचा असं ठरलं होतं. थोडक्यात, कठडा नाही तर बहीण नाही.

या गावाला मतदानाचा भारी सोस. बागेतली बाकं हिरवी असावीत की तपकिरी, यावरही एकदा कौल घेतला होता. तेव्हा कठड्यावरही घ्यायचा ठरला. मतदान केंद्र खाली, नगरपालिकेच्या सभागृहात. मत दिलं की तराजू स्वतः बोटाला शाई लावी, नखाच्या कडेला, ओघळ न येऊ देता. आपल्या बोटाला मात्र त्याने बावीस वर्षांत शाई लागू दिली नव्हती. मोजणाऱ्याने मत दिलं की मोजणीला एक बाजू येते, असं त्याचं तत्त्व होतं. हे तत्त्व त्याने आईला सांगितलेलं नव्हतं, कारण मत न देणाऱ्यांना आई ऐदी म्हणत असे आणि मोठ्याने म्हणत असे.

पहिल्या कौलात कठड्याच्या बाजूने एक हजार एकवीस मतं पडली, विरोधात एक हजार सात. तराजूने तीनदा मोजली. आईने शेजारी साखर वाटली.

नगराध्यक्षांनी मात्र निकाल हातात घेऊन चेहरा गंभीर केला. पहिल्याच पायरीशी त्यांच्या मेहुण्याचं आधाराच्या काठ्यांचं दुकान होतं. पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही, हे त्यांनी कुणी न विचारताच सांगितलं. त्यांची काळजी वेगळी होती. चौदा मतांच्या जोरावर दगडात लोखंड ठोकायचं? नगराध्यक्ष पाच वर्षांनी बदलता येतो, कठडा एकदा बसला की बसला. नगरपालिकेच्या वकीलसाहेबांनी मान डोलावली आणि गावाला पुढे तोंडपाठ झालेलं वाक्य उच्चारलं: "साधं बहुमत साध्या गोष्टींना पुरतं. लोखंडाला दोन तृतीयांश हवं."

नियमाचा मसुदा करायला तराजूला सांगण्यात आलं. "तुमच्यासारखा निःपक्ष माणूस दुसरा कुठे मिळणार?" असं नगराध्यक्ष म्हणाले, आणि तराजू चार दिवस हवेत होता. त्याला नियम मनापासून पटलाही होता. निम्मं गाव नाराज ठेवून बसवलेल्या कठड्याला कोण हात लावणार? बायकोने विचारलं, "अहो, आणि कठडा नाही म्हणून जे निम्मं गाव नाराज आहे, त्याचं काय?" तराजूने हा मुद्दा मसुद्याच्या कक्षेबाहेर असल्याचं तिला समजावलं.

नियम सभेत सहा विरुद्ध पाच मतांनी मंजूर झाला. एका सदस्याने उठून विचारलं की, दोन तृतीयांशाचा नियम दोन तृतीयांशाने मंजूर व्हायला नको का? वकीलसाहेब म्हणाले, नियम अजून लागू कुठे झालाय? सदस्य खाली बसला.

आईने हाय खाल्ली नाही. तिने पदर खोचला आणि घरोघर फिरली. खालच्या बाजारातल्या लोकांना पायऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना ती म्हणे, "बाबांनो, स्मशान वरच्या अंगाला आहे. तुम्हाला खांदा देणाऱ्यांनी काय धरायचं?" बेकरीवाला, न्हावी, टपालवाला, एकमेकांचं तोंड न बघणारे दोन चुलतभाऊ, सगळे या एका मुद्द्यावर एक झाले. पहिल्या मतदानाची शाई पहिल्या बोटावर अजून होती, म्हणून या वेळी मधल्या बोटाला लावावी लागली. मतं पडली दोन हजार दोनशे दहा. दोन तृतीयांशाला एक हजार चारशे चौऱ्याहत्तर हवी होती. बाजूने पडली एक हजार चारशे एकोणनव्वद.

आता नगराध्यक्षांना आलेच नाहीत त्या मतदारांची कणव आली. मतदारयादी तीन हजार त्रेसष्ट नावांची. उरलेले साडेआठशे लोक गावाचे कुणीच नाहीत का? त्यांचं मन कुणी ओळखायचं? वकीलसाहेबांनी ते जागच्या जागी ओळखलं. जो माणूस मत द्यायलासुद्धा पायऱ्या उतरला नाही, त्याला कठड्याची गरज नाही, हे उघड आहे. सबब, न आलेला प्रत्येक मतदार विरोधात धरावा आणि दोन तृतीयांश पूर्ण यादीचं मोजावं. म्हणजे दोन हजार बेचाळीस.

तराजूने मसुदा केला. करताना त्याच्या एक गोष्ट लक्षात आली आणि त्याने ती अदबीने मांडली: यादीत दोनशे अकरा मयत नावं आहेत, ती आधी काढावीत. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. नावं काढली की यादी बदलते, यादी बदलली की कौलाचा पायाच बदलतो, आणि पाया बदलायचा तर पूर्ण यादीचं दोन तृतीयांश हवं, मयत धरून. शिवाय मयतांनी आजवर एकदाही बदल मागितलेला नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. इतकं ठाम मत जिवंतांत कुणाचं आहे? तराजूने "मयत मतदार: विरोधात" असा रकाना आखला. त्यात एकशे अठ्ठेचाळीसाव्या ओळीवर त्याच्या वडिलांचं नाव होतं, कठड्याच्या पहिल्या अर्जदाराचं. त्याची लेखणी जराशी अडखळली, पण ओळ सरळ आली.

तिसऱ्या कौलाच्या आधीच्या गुरुवारी आई बहिणीकडे निघाली आणि तेराव्या पायरीवरून घसरली. एकोणिसाव्या पायरीवर थांबली ती निव्वळ नशिबाने. पायाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. तिला वर घेऊन आलेला टपालवाला तिला धीर देत होता, तर ही त्यालाच बजावत होती की, रविवारी मत द्यायला विसरू नकोस.

घरून मत देण्याची सोय नियमात होती. त्या सोयीचा अर्ज मात्र मतदाराने स्वतः हजर राहून, खालच्या कार्यालयात द्यायचा होता. प्लास्टरच्या पायाने पाठीवर बसता येईना, मग आईला खुर्चीत बसवून चौघांनी उतरवायचं ठरलं. चौघे आले, खुर्चीही आली, पण पायऱ्यांच्या तोंडाशी चौघेही खाली बघून मागे सरकले. कठडा नसताना खुर्ची कशी उतरवणार? आईने त्यांना चहा पाजला आणि खुर्ची ठेवून, आधी जाऊन मत देऊन या, असं सांगून पिटाळलं.

त्या दिवशी गाव लोटलं. म्हाताऱ्यांना मुलांनी पाठीवर घेऊन उतरवलं. तराजू सकाळपासून तिसऱ्या बोटांना शाई लावत होता. बाटली संपली, दुसरी उघडली. शेवटच्या पाच मिनिटांत केंद्रात कुणीच नव्हतं. तो, शाई आणि मतपेटी. बायको दारातून म्हणाली, "अहो, आता तरी." त्याने घड्याळाकडे पाहिलं, शाईच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि केंद्र वेळेवर बंद केलं.

बाजूने पडली दोन हजार एकोणचाळीस. विरोधात, मतपेटीतून निघालेली अशी, बत्तीस. कठडा नामंजूर झाला. नगराध्यक्षांनी गावाच्या परिपक्वतेचं कौतुक केलं आणि वरच्या आळीतल्या जखमींना मेहुण्याच्या दुकानातून सवलतीच्या दरात काठी जाहीर केली.

संध्याकाळी तराजू घरी आला. आई पलंगावर, पाय उशीवर.

"किती पडली?"

"दोन हजार एकोणचाळीस."

"हवी होती किती?"

"बेचाळीस."

आईने बोटांवर मोजलं. गावभर फिरलेली, चार महिन्यांत तीन निवडणुका लढलेली बाई, पण तिच्या डोळ्यांत पाणी तरळलंच. आता गुरुवार गेला तो गेलाच, असं ती स्वतःशी म्हणाली. मग तिचा राग वर आला.

"तीन मतं रे. तुझे बाबा असते तर दोनच कमी पडली असती. माझा पाय धड असता तर एक. आणि तो एक मला सापडला असता ना, तर कानाला धरून नेला असता खाली. त्या मेल्याच्या घरात म्हातारं माणूस नाही का कुणी?"

बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात थबकली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तराजूने आईच्या पायाखालची उशी सारखी केली.

"मला जरा उठव," आई म्हणाली, "मोरीत जायचंय."

त्याने हात पुढे केला. आईने तो दोन्ही हातांनी धरला, भार टाकून अर्धी उठली, आणि तशीच थांबली. तिने त्याची बोटं उलटसुलट केली. पहिलं, मधलं, तिसरं. मग दुसरा हात मागितला आणि तोही पाहिला.

"शाई संपली होती का रे?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. आईने त्याचा हात सोडला आणि सुनेला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेने जाहीर सूचना काढली. ही मतदानपद्धत कायम ठेवण्यास ज्यांची हरकत असेल त्यांनी तीस दिवसांत, लेखी, स्वतः हजर राहून, खालच्या कार्यालयात ती नोंदवावी. जे काही बोलणार नाहीत त्यांची संमती आहे असं समजलं जाईल. मसुदा तराजूचाच होता. सूचना फळ्यावर लावून आल्यावर त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची हरकत लिहिली, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. पण हरकती स्वीकारणारा कारकूनही तोच, आणि स्वतःची हरकत स्वतःच स्वीकारणं त्याला निःपक्ष वाटेना. अर्ज अजून टेबलाच्या खणात आहे.

मुदत संपायला थोडे दिवस उरलेत. हरकतींची वही कोरी आहे. आपण ही हकीकत इथवर एक शब्दही न बोलता वाचलीत, त्याची नोंद घेण्यात आली आहे.