काडीपेटी जमा करा

आमच्या गाडीत बसायचं तर आधी खिसे उलटे करून दाखवावे लागतात. गाडी माझी, पेट्रोल माझं, चालवणारा मी. पण दाराशी उभं राहून झडती घेणार ते शेजारचे हिरामणनाना. शर्टाचा खिसा, पँटचे दोन्ही, मग मागचा. "खिसामा काय शे?" हा प्रश्न त्यांनी मला अकरा उन्हाळे विचारलाय आणि अकराही वेळा माझा लायटर त्यांच्या पिशवीत गेलाय. एका वर्षी मी शहाणपणा करून काडीपेटी मोज्यात लपवली. नानांनी भर रस्त्यात मला बूट काढायला लावले. शाळेत पोरं मला चळाचळा कापतात, पण त्या दिवशी आमच्या जळगावच्या कॉलनीतली निम्मी पोरं गॅलरीतून दात काढत होती.

नाना मूळचे शिरपूरकडचे. धुळे जिल्हा सोडून पंचेचाळीस वर्षं झाली तरी बोली तिकडचीच. नोकरी सगळी वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, तीही गेटवर. आत जाणाऱ्याच्या अंगावर एक काडी राहू द्यायची नाही, एवढंच काम त्यांनी तीस वर्षं केलं. रिटायर झाल्यावर लोक घड्याळ घेऊन येतात, नाना गेट घेऊन आले.

ते गेट त्यांनी घरात बसवलं. गॅसचा लायटर आणि काडीपेटी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली करदोड्याला. सकाळी सहाला नाना स्वतः गॅस पेटवणार, संध्याकाळी सातला पुन्हा. मधल्या वेळात चहाची तलफ आली तर माठातलं पाणी प्यायचं. देवापुढे विजेचा दिवा. उदबत्ती नाही, कापूर नाही. देवाची आरती कोरडीच.

मागच्या अंगणात मात्र त्यांचा कारखाना जोरात चालायचा. कडुनिंबाखाली धुण्याचा दगड, त्यावर मातीच्या पसरट भांड्यात पाणी, आणि समोर खुर्ची टाकून नाना. खारी पहिल्या पाळीला. बुलबुल, साळुंक्या जनरलला. मुंगूस जेवणाच्या सुट्टीत. कंपाउंडच्या भोकात एक घोरपड होती, तिला ते फोरमन म्हणत, कारण ती काही करत नसे आणि मान वर करून सगळ्यांकडे बघे. एखादी खार दिसली नाही की नानांना भाकरी गोड लागायची नाही. शेपटी तुटलेली एक खार दोन दिवस आली नाही, तर त्यांनी माझ्या घराच्या पत्र्यावर चढून तपास केला होता. खारींच्या बाबतीत जरा जास्तच करतात, असं आम्ही म्हणायचो आणि हसायचो.

दर मे महिन्यात नानांची जंगलयात्रा. यावलचं अभयारण्य, अनेर धरणाचं, एकदा गौताळा, दोनदा मेळघाट. ऊन असं की स्टिअरिंगला फडकं गुंडाळून हात लावावा लागतो, आणि त्यात आम्ही वाघ पाहायला निघणार. वाघ आम्हाला या वर्षापर्यंत एकदाही दिसला नव्हता. नानांचा नियम एकच, "बठ्ठा चला. घर कोनी रावानं नही." म्हणजे सगळ्यांनी यायचं, घरी एकानेही थांबायचं नाही. मुलगा योगेश, सून वैशाली, नात पिहू, मी, माझी बायको संध्या. एका वर्षी घरी राहणार म्हणणाऱ्या माझ्या सासूबाईंनाही त्यांनी गाडीत बसवलं. बिचारीने चारशे किलोमीटर रामाचा जप केला.

आम्ही कॉलनीत आलो त्याआधीच नानांच्या पत्नी, अक्का, गेल्या होत्या. बैठकीत त्यांचा हार घातलेला फोटो आहे. गॅसचा भडका झाला, एवढंच कानावर आलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं म्हणून आम्ही नानांच्या कुलपाचा अर्थ लावला होता. तो पुरता बरोबर नव्हता.

या वर्षी वैशालीला सातवा महिना. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. नाना म्हणाले, मग कोणीच जायचं नाही. पिहूने जेवण सोडलं, योगेशने बोलणं सोडलं. शेवटी वैशालीच म्हणाली, "नाना, तुम्ही गेला नाहीत तर मला रोज हिची कटकट. दोनच दिवसांचा प्रश्न आहे, माझी आई येतेय सकाळच्या बसने सोबतीला." नानांनी बाजारातून विजेची शेगडी आणली. गॅसला हात लावायचा नाही, असं तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. पहाटे निघताना गाडीत बसून पुन्हा उतरले आणि चौथ्यांदा वदवून घेतलं.

मेळघाटच्या गेटवर गंमत झाली. वनरक्षकाने सांगितलं, फोन आत नेता येणार नाहीत, जमा करा. अख्खी हयात लोकांचे खिसे रिकामे करणाऱ्या माणसासमोर कोणी तरी हात पसरला. आम्ही सगळे हसलो. नाना हसले नाहीत. त्यांनी फोन छातीशी धरला आणि म्हणाले, घरी सून एकटी आहे. वनरक्षक म्हणाला, काका, नियम आहे. नियम या शब्दापुढे नानांचं काही चालेना. त्यांनी फोन दिला.

आणि त्याच सकाळी वाघ दिसला. आटलेल्या पाणवठ्यात चिखलापुरतं पाणी होतं, त्यात मागचे पाय बुडवून तो बसला होता. बरगड्या मोजता येत होत्या. पिहूने श्वास रोखला होता. योगेशच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं असावं. नाना मात्र वाघाकडे पाठ करून बसले होते. आलो त्या रस्त्याकडे बघत गाइडला परत परत विचारत होते की गेट किती लांब आहे.

बाहेर आल्याबरोबर त्यांनी घरी फोन लावला. कोणी उचलला नाही. योगेशने लावला, मी लावला. वैशालीची आई वाटेत बंद पडलेल्या बसमध्येच अडकली होती, रात्रीशिवाय पोहोचणार नव्हती. ती म्हणाली, सकाळी बोलणं झालं, त्यानंतर मुलीचा फोन लागत नाही. मग मी संध्याला फोन केला. ती या वर्षी माहेरी धुळ्याला गेली होती. ती म्हणाली, जळगावात सकाळपासून लाइट नाही म्हणे, चार्जिंग संपलं असेल.

लाइट नाही म्हणजे विजेची शेगडी बंद. नानांनी गाडीचं दार उघडलं. त्या दिवशी त्यांनी कोणाचे खिसे तपासले नाहीत.

मलकापूर गेलं, मुक्ताईनगर गेलं. मागे पिहू झोपली, फोन लावून लावून दमलेल्या योगेशचाही डोळा लागला. वरणगावजवळ आलो तसं नाना समोर बघत बोलायला लागले. अक्का गेल्या त्या वर्षीही ते मेळघाटलाच आले होते. अक्कांना यायचं होतं, पण घर कोण पाहील, म्हणून नानांनीच त्यांना मागे ठेवलं. कुलूप तेव्हाही होतं. अक्कांनी नानांना चोरून एक काडीपेटी मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाखाली ठेवली होती. त्या दिवशी त्यांनी गॅसचं बटण फिरवलं आणि मग आठवलं, काडीपेटी मागे आहे. मागे गेल्या तर निंबावरून खारीचं पिल्लू खाली पडलेलं. ते उचलून, पाणी पाजून, फांदीवर ठेवण्यात वेळ गेला. बटण चालूच राहिलं. परत येऊन त्यांनी काडी ओढली.

हे त्यांना अक्कांनीच सांगितलं होतं, दवाखान्यात. दोन दिवस जगल्या. पिल्लू वाचलं का, असंही विचारलं म्हणे.

"तीस वरीस मी लोकेसना खिसा तपासा," नाना म्हणाले. "मन्हा भेवमुळे घरनी काडीपेटी दपाडी. मी तठे वाघ दखत व्हतू." म्हणजे त्यांच्या धाकाने अक्कांनी काडीपेटी लपवली, आणि ते तिकडे वाघ बघत होते.

मला ठाऊक होतं की दोन महिन्यांपूर्वी संध्याने कंपाउंडवरून वैशालीला एक काडीपेटी दिली होती. दुपारच्या चहासाठी. नानांना कळू नये म्हणून वैशालीने ती मागच्या अंगणात लपवली होती, आणि आम्ही नवराबायको त्यावरही हसलो होतो.

सांगावं की नाही, हे ठरवायला मला भुसावळपर्यंत वेळ लागला. सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "जल्दी चाल."

कॉलनीत वळलो तेव्हा ऊन कलत होतं. मी आधी नाक वर करून वास घेतला, मला त्याची लाज वाटत नाही. दार उघडंच होतं. वैशाली मागच्या अंगणात नानांच्या खुर्चीवर बसून पाय सोडून कैरीच्या फोडी खात होती. फोन बंद पडून आत उशाशी होता. आम्हाला बघून म्हणाली, एवढ्यात कसे आलात? पिहू तिला जाऊन चिकटली आणि वाघाचं सांगायला लागली. योगेश पायरीवर मटकन खाली बसला.

नाना तिच्याकडे गेले नाहीत. ते सरळ धुण्याच्या दगडाकडे गेले, खाली वाकले आणि दगडाखालच्या विटांमधल्या फटीत हात घातला. जागा मी त्यांना सांगितलीच नव्हती. मला ती माहीतही नव्हती. हात बाहेर आला तेव्हा त्यात काडीपेटी होती.

वैशालीचा चेहरा पांढरा पडला. नाना, चुकलं माझं, असं काही तरी ती पुटपुटली. नानांनी मान हलवली. त्यांनी करदोड्याची किल्ली सोडली, कपाट उघडलं, लायटर आणला आणि दोन्ही वस्तू ओट्यावर गॅसशेजारी मांडून ठेवल्या.

"आते हाई आठेच राहू दे," ते म्हणाले. "दपाडू नको."

मग त्यांनी तिला सांगितलं, आधी काडी हातात घ्यायची, मग बटण फिरवायचं. आणि चहा ठेवायला सांगितला. चहा पिणारी माणसं चार होती, त्यांनी बैठकीतल्या फोटोकडे बघत पाच कप म्हटलं. कोणी दुरुस्त केलं नाही, पिहू चहा पीत नाही तरी.

वैशालीने काडी हातात घेतली. नाना माझ्याशेजारी दारात उभे होते, डोळे मिटून. काडी ओढल्याचा आवाज झाला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि चहाला उकळी येईपर्यंत सोडलं नाही.