नारूभाऊचं भगदाड

२००९ साल. मी एकाहत्तर वर्षांचा, आणि आमचा नारूभाऊ माझ्याहून थोडा धाकटा. एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. त्या साली तो जाफराबादच्या स्टँडमागं फिरोजभाईच्या इंटरनेटच्या दुकानात रोज कंप्युटरपुढं बसायचा. पडद्यावरचं आपलं विमान एका ताऱ्याहून दुसऱ्या ताऱ्याला न्यायच्या आधी बोटानं टेबलावर दोनदा टकटक करायचा. डबल बेल. बेल दिल्याबिगर गाडी हलवायची नाही, मग ती चांदण्यांत का असेना.

लोक म्हणायचे, बायको गेली आणि ह्याचं डोकं फिरलं. पुण्याहून पोरगा फोन करायचा, "बाबा, लोक हसून राह्यले." नारूभाऊ म्हणायचा, "हसू दे. त्यांच्या गाडीत बसलोय का मी?" आणि फोन ठेवून द्यायचा.

मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो. पण कोण येडं आणि कोण शहाणं, हे मला दुसऱ्याकडून शिकायची गरज नाही. मी रोज त्याच्या शेजारची खुर्ची धरायचो. तुम्हाला हसायचं असंल तर तुम्हीबी हसा.

हा खेळ जगभरची माणसं एकाच वेळी खेळतात. त्यातली मोठी गोष्ट म्हणजे वर्महोल, आभाळातून भलत्याच मुलखात निघणारं भोक. नारूभाऊ त्याला भगदाड म्हणायचा. मला त्यानं असं समजावलं: "तात्या, ताऱ्याताऱ्याला पक्के दरवाजे हायेत. ती आपली एसटी. बोर्ड लागलेला, थांबा ठरलेला. भगदाड म्हणजे राजूरची जीप. आज इथं उभी, उद्या न्हाई. कुठं नेऊन सोडंल ठाव न्हाई. आणि वजन जादा झालं, की कायमची बसली."

जन्मभर जीपवाल्यांशी भांडलेला हा माणूस. स्टँडच्या तोंडावरून त्याचे उतारू पळवतात म्हणून कधी जीपमध्ये पाय ठेवला नाही. पण आभाळातल्या भगदाडापायी चहा निवून जायचा.

भगदाड डोळ्याला दिसत नाही, हुडकावं लागतं. चार बाजूंना बारके गोळे सोडायचे, ते कानोसा घेतात. मग गोळे जवळजवळ आणायचे. म्हैस हरवली की आपण रानात पांगून तिच्या घंटीचा कानोसा घेतो आणि चहूकडून आत सरकतो, बराबर तसंच. हे मला पहिल्याच दिवशी कळलं. फिरोजभाईला कळायला महिना लागला, असं मी त्याच्या तोंडावर सांगतो.

खेळात नारूभाऊचे पाचसहा सोबती होते. एक नागपूरचा, एक इंदूरचा, बाकीचे कुठल्या मुलखाचे कुणास ठाऊक. ते त्याला कंडक्टरच म्हणायचे. त्यांचं इंग्रजी फिरोजभाई वाचून दाखवायचा आणि नारूभाऊचा जवाबही तोच टाइप करायचा.

एके दुपारी सगळे मिळून एका भगदाडातून पार अनोळखी मुलखात गेले. परत निघायची वेळ झाली तर भगदाड खंगलेलं. जाणाऱ्या प्रत्येक विमानाचं वजन त्यावर पडतं. नारूभाऊ तोंडाशी उभा राहिला आणि एकेकाला पुढं काढायला लागला. "चला, आत सरका. फिरोजभाई, लिहा, आत सरका म्हणावं."

"नारूभाऊ, पहले तुम निकलो," फिरोजभाई म्हणाला. "ये बंद होनेवाला है."

"उतारू चढल्याबिगर कंडक्टर चढत असतो का?"

शेवटी नागपूरवाल्याचं अवजड धूड गेलं. नारूभाऊनं टेबलावर दोनदा टकटक केली. पुढं काहीच नव्हतं. भगदाड मिटलं होतं.

"नारू," मी म्हणलं, "वजनाचं तूच मला शिकवलं होतंस."

"ठाव हाये. पण पाय उचलंना, तात्या."

सोबत्यांचा निरोप आला. फिरोजभाईनं वाचला. असा अडकलेला माणूस आपलंच विमान फोडून टाकतो. मग एका घडीत खेळातल्या आपल्या घरी जागा होतो. नवं विमान ते सगळे मिळून देणार होते. खाली लिहिलं होतं, शेवंताला उडवून टाक.

"शेवंता? ती इथं कुठून आली?" मी विचारलं.

फिरोजभाईनं मान खाली घातली. "इनके जहाज का नाम है, तात्या. शुरू से यही लिखा है."

वर्षभर ते नाव माझ्यापुढं होतं आणि मला दिसलं नाही. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत. शेवंता म्हणजे नारूभाऊची बायको, तीन वर्षांमागं गेलेली.

"लिहा त्यांना," नारूभाऊ म्हणाला. "एकदा जाळलं तेवढं पुरं."

 फिरोजभाईनं ते तसंच लिहिलं.

"सगळी नोकरी गाडीवर गेली," नारूभाऊ पडद्याकडं बघत म्हणाला. "घरच्यांना फुकट पास मिळायचा. तिला राजूरच्या गणपतीपुढं कधी नेलं न्हाई. पास पडून राह्यचा. आता कुठं फिरून राह्यलो दोघं."

"मंग आता?"

"इथंबी नवं भगदाड पडंल. हुडकीन. वेळ लागू दे."

त्यानं गोळे सोडले. दुकान बंद व्हायच्या टायमापर्यंत काही लागलं नाही. सोबती एकेक करून झोपायला गेले. फिरोजभाईनं मशीन बंद करायला हात पुढं केला.

"थांबा," नारूभाऊ म्हणाला. "आधी तिला आडोशाला लावतो. मुलूख अनोळखी हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सूनबाईला डबा दोघांचा बांधायला सांगितला. स्टँडवरच्या हॉटेलात नेहमीची मंडळी बसलेलीच होती. एकानं हटकलं, "काय तात्या, आज डबा घेऊन? कुठं निघाली सवारी?"

"शेवंताबाईला आणायला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं.

 मी कुणाला समजावत बसलो नाही. दुकानाचं शटर अजून खाली होतं. मी पायरीवर डबा ठेवला आणि नारूभाऊपुरती जागा सोडून बसलो.