गोठ्यापर्यंत रेंज

आमच्याकडे राऊटर आला त्या दिवशी हिरूनानांनी तो खोक्यातून काढून आधी उलटा धरला, पोटाखालून हात फिरवला, मग सरळ करून त्याच्या दोन्ही अँटेना हलवून पाहिल्या आणि म्हणाले, "शिंगं ढिली हायेत."

मुरबाडहून आलेला केबलवाला सदाशिव अदबीने म्हणाला, की फिरवता यावीत म्हणून ती तशीच असतात.

"फिरवता येणारी शिंगं," नाना म्हणाले. "बरं. आता ह्याची खोड सांग."

"कसली खोड?"

"प्रत्येकाला असते. कोण मारतो, कोण चिखलात बसतो. हा काय करतो?"

सदाशिव माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "सांगून टाका. त्याशिवाय ते उठायचे नाहीत."

"जाड भिंतीतून जरा कमी जातं," सदाशिव म्हणाला. "आणि वर पत्रा असला की अडतं."

"मग हे आल्या आल्या बोलायचं ना रे," नाना म्हणाले आणि समाधानाने ओटीवर बसले.

हिरूनाना माझे चुलत सासरे. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच, अंगण सामाईक. जन्मभर त्यांनी गुरांची दलाली केली. म्हसा गावच्या जत्रेत घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभं राहायचं, हातांवर टॉवेल टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून भाव जुळवायचा, हा त्यांचा धंदा. भाव तोंडाने बोलायचा नाही, आजूबाजूच्यांना कळू द्यायचा नाही. आता आमच्याकडे नांगराला बैल राहिले नाहीत, पॉवर टिलर आले. नानांचा धंदा बसला, पण सवय बसली नाही. कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा ते भाजीवालीपुढे टॉवेल धरतात. ती त्यावर कोथिंबीर ठेवते.

मला बघायला ही मंडळी शहापूरला माझ्या माहेरी आली, तेव्हा मी पोह्यांचा ट्रे घेऊन आत-बाहेर करत होते. नाना एकटेच माझ्या पायांकडे बघत होते. मग म्हणाले, "चाल चांगली हाय." आणि माझ्या वडिलांना सगळ्यांसमोर विचारलं, "मुलीची खोड काय?"

वडील सरळ माणूस. म्हणाले, "हट्टी आहे."

"चालेल," नाना म्हणाले. "आमच्यात सगळे बसके हायेत. एखादा ओढणारा पायजेच."

माझं लग्न त्या वाक्यावर ठरलं असं मी अजून मानते. विलास, म्हणजे माझा नवरा, मानत नाही. पण बसक्यांत तो पहिला, म्हणून ब्रॉडबँड आणायचं काम माझ्यावर आलं.

ते मला हवंच होतं. मी ठाण्यातल्या एका कंपनीचे हिशेब घरून करते, आणि मोबाईलची रेंज आमच्या घरात फक्त माळ्याच्या शिडीवर, तीही वरून तिसऱ्या पायरीवर बसलं तरच. साहेबांशी मीटिंग असली की मी शिडीवर आणि सासूबाई खाली शिडी धरून. लाइन रस्त्यावरच्या खांबावरून यायची होती आणि मध्ये नानांचं घर. त्यांच्या छपराच्या वळचणीखालून वायर न्यायची तर परवानगी हवी. सदाशिवने ती मागितली. नानांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, सदाशिवचा हात ओढून घेतला आणि त्याखाली त्याची तीन बोटं दाबली.

सदाशिवच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. "काका, आम्ही वायर नेण्याचं भाडं देत नाही."

नानांनी पुन्हा तीन बोटं दाबली.

"नाना," मी म्हणाले, "तोंडाने सांगा. त्याला ही भाषा येत नाही."

तोंडाने सांगायची पाळी आल्याचं त्यांना वाईट वाटलं. "तीन जागा," ते म्हणाले. "एक तुझ्या घरात, एक माझ्या घरात, एक गोठ्यात. तर वायर जाईल."

"गोठ्यात इंटरनेट कशाला?"

"लागतं," नाना म्हणाले.

मी हिशेबनीस आहे, इंजिनिअर नाही, पण एवढं जमण्यासारखं होतं. राऊटर आमच्याकडे. त्यातून एक केबल भिंतीला भोक पाडून नानांच्या घरात, तिथे दुसरा लहान राऊटर. तिथून मागच्या दाराने आणखी एक केबल गोठ्यात आणि गोठ्यात तिसरा. पत्र्याची आणि दगडी भिंतीची अडचण वायरने सुटणार होती. दोन रविवार मी आणि विलास केबल ओढत होतो. नाना खाटेवरून सूचना देत होते, "ओढू नको, चालव. ओढलं की अडतं." ते केबलच्या बाबतीतसुद्धा खरं निघालं.

गोठ्यातली केबल आम्ही खुंट्यांवर अडकवली होती. नानांकडे एक बैल अजून होता; तिसऱ्या दिवशी तो ती चावून अर्धी करून मोकळा झाला. मी संतापले. नाना त्या तुकड्यावरच्या दातांच्या खुणा नीट चाचपत म्हणाले, "अजून चावतोय म्हणजे दात ठीक हायेत." मग ती केबल प्लॅस्टिकच्या पायपातून जमिनीखालून नेली. चर नानांनी स्वतः खणला, कुणाला हात लावू दिला नाही.

सगळं चालू झाल्यावर मी विचारलं, तुमच्या वायफायला नाव काय द्यायचं?

"नाव कशाला? नाव ठेवलं की विकवत नाय."

हा त्यांचा धंद्यातला नियम. गोठ्यातल्या त्या एकुलत्या एका बैलालाही नाव नव्हतं. त्याचा जोडीदार दोन पावसाळ्यांपूर्वी मेला. तेव्हापासून हा एकटा, कामाविना उभा. नाना त्याला "तो" म्हणायचे.

आम्हाला वाटलं, नाना गोठ्यात बसून बैलगाडीच्या शर्यती बघणार. तसे ते बघायचेही. पण फोन हळूहळू नाकाशी यायला लागला. मग चहात मीठ पडलं. मग अंगणातल्या विलासला त्यांनी "कोण पाहुणे?" असं विचारलं. आसनगावला राहणारी त्यांची मुलगी वनिता आली आणि डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा पिकलेला.

"डोळ्याला काय नाय झालेलं," नाना घरी येऊन म्हणाले. "हल्ली उजेडच पातळ येतो."

वनिता रडकुंडीला आली. ऑपरेशन कल्याणला, पुढचे काही आठवडे तिच्या घरी, धूळ नको, गोठा तर नकोच, एवढंच डॉक्टर म्हणत होते. नाना म्हणाले, "तो विकला की येतो."

त्यानंतर गिऱ्हाईकं यायला लागली. वैशाखरे गावाकडचा एक शेतकरी चांगला भाव द्यायला तयार होता. नाना त्याला गोठ्यात घेऊन गेले. मी पाणी घेऊन गेले, तेव्हा नाना बोलत होते, "पुढचा उजवा पाय दुखतो. उतारावर घाबरतो. बसला की एकट्याला उठता येत नाय, शेपटीशी हात द्यावा लागतो. मी समोर असल्याशिवाय पेंढा खात नाय. आणि वायर खातो." तो शेतकरी पाणी न पिताच गेला. दुसरा आला, त्याचीही तीच गत झाली. ज्या माणसाने हजारभर बैल खपवले, त्याला स्वतःचा एक खपवता येत नव्हता.

तिसरा माणूस तर या खोडींसकट बैल घ्यायला तयार झाला. नाना त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, म्हणजे त्यांना दिसत होतं तेवढं. मग म्हणाले, "तुझ्या हातात काठी हाय," आणि त्याला वाटेला लावलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "नाना, गोठ्यात एक कॅमेरा लावते. वनिताच्या घरी बसून तुम्हाला तो फोनवर दिसेल. दाणापाणी मी बघीन."

"दिसेल?"

"दिसेल. बोलतासुद्धा येईल."

"तो बोलंल?"

"तुम्ही बोलायचं, नाना."

ते जरा पुढे सरकले. मग विचारलं, "ह्याची खोड?"

"लाईट गेली की बंद पडतो. पण मी इन्व्हर्टरवर जोडून देईन."

नानांनी टॉवेल काढला. माझ्या हातावर आजवर त्यांनी तो कधी टाकला नव्हता. टॉवेलाखाली त्यांनी माझं एक बोट धरलं आणि घट्ट दाबलं.

मला काहीच कळलं नाही. मी विचारलं, "एक म्हणजे?"

"एकच डोळा," नाना म्हणाले. "दुसऱ्याचं मागून बघू."

ऑपरेशन नीट झालं. डाव्या डोळ्यावर औषध घालण्यापुरतीच निघणारी पट्टी, उजवा आधीच अधू, त्यामुळे त्यांना कॅमेऱ्यातलं काही धड दिसत नव्हतं. पण आवाज होता. नानांनी तो पुरेपूर वापरला. सकाळी मी पेंढा टाकायला गेले की गोठा म्हणायचा, "पाणी बदललंस का गो?" दुधाचा रतीब घालणारा बाळू अंगणातून जाताना माणूस नसलेल्या गोठ्याने त्याला "कोण रे तो?" असं विचारलं, तेव्हापासून तो मागच्या वाटेने यायला लागला. बैल मात्र पहिल्याच दिवशी समजला. नानांचा आवाज आला की तो कान त्या बाजूला वळवायचा आणि खायला लागायचा. खाताना नाना मध्येमध्ये "हां, हां" करत राहायचे. वनिता सांगायची, की बाबा तेवढा वेळ फोन कानाशी धरून बसतात, जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत.

पट्टी कायमची काढली त्या दिवशी वनिताचा फोन आला, की सगळं छान आहे. संध्याकाळी ऊन उतरताना मी गोठ्यात शेण काढत होते. कॅमेऱ्यात आवाज खरखरला. मी कोपऱ्यात, गव्हाणीच्या आड होते. नानांना दिसत नव्हते.

"मला चवथ्या मजल्यावर ठेवलंय," नाना बैलाला सांगत होते. "खाली जायचं नाय, वाकायचं नाय, डोकं धुवायचं नाय. वनिता दिवसातून चार वेळा डोळ्यात औषध घालते. चांगली बघते ती. तू म्हणशील मजा हाय. मजा नाय रे."

बैलाने मान वर केली.

"थांब, असाच थांब," नाना म्हणाले. मी घमेलं तसंच धरून उभी राहिले.

पुढे आवाज आला तो वेगळा होता, टॉवेलाखालून यावा तसा. "बरगड्या दिसतात की रे तुझ्या. आणि तोंडावर सगळं पांढरं झालंय." "एवढा म्हातारा कधी झालास? मी रोज तुझ्यासमोर बसलेलो. मला दिसलाच नायस."

माझ्या हातातलं घमेलं गव्हाणीला लागलं.

"कोण हाय तिथं? बाय का?"

"हो, नाना."

दलालाचा आवाज परत आणायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो आला नाही. "त्याला जरा दारात घे गो. उजेडात. नीट बघू दे मला."

मी दावं सोडलं. तो उभाच होता, शेपटीशी हात द्यावा लागला नाही; आपणच चालत आला, हळूहळू, उजवा पाय जपत. दारात ऊन आडवं येत होतं. तिथे त्याला उभं करून मी बाजूला झाले आणि कॅमेरा त्याच्याकडे वळवला.

बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. लाइन गेली असेल म्हणून मी राऊटरकडे पाहिलं. हिरवा दिवा चालू होता.