अण्णांना सगळं मान्य

"माजं मत येगळं हाय," असं अण्णा आधी म्हणायचे आणि मग विचारायचे, "विषय काय चाललाय?"

अण्णा म्हणजे शाहूपुरीतले गुळाचे जुने व्यापारी. दुकान बंद केलं आणि रोज सकाळी माझ्या नेट कॅफेत येऊन बसू लागले. तेव्हा इंटरनेटवर कोल्हापूरकरांचा एक ग्रुप होता. पुण्याला, दुबईला, अमेरिकेला गेलेली आपली माणसं तिथं गावाच्या आठवणी काढून एकमेकांच्या गळ्यात पडायची. अण्णांना टायपिंग येत नव्हतं. खुर्चीजवळ चपला काढून देवळात बसल्यासारखे बसायचे आणि सांगायचे, "लिव." मी लिहायचो. तिकडं गिऱ्हाईक ताटकळायचं, त्याचं त्यांना काय?

लोक म्हणाले, रंकाळ्यावरची संध्याकाळ न्यारी. अण्णा म्हणाले, डास लई. लोक म्हणाले, कोल्हापूरची माणसं दिलदार. अण्णा म्हणाले, "एकाच्या दारात गाडी लावून बगा, मग कळंल." शिव्या पडायच्या आणि अण्णा खूश व्हायचे. शिकागोचा एक महेश होता, तो एरवी गप्प. पण अण्णांनी काही लिहिलं की फूटभर उत्तर देऊन एकेक मुद्दा खोडून काढायचा. ते तेवढं अण्णा माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायचे. "बग, कसा तणतणतोय," म्हणायचे आणि त्या दिवशी चहा त्यांच्याकडून.

मग रश्श्याची भानगड झाली. आधी तांबडा ओरपायचा की पांढरा, यावरून ग्रुपवर जुंपली होती. अण्णांनी लिहायला लावलं, "पांढरा रस्सा म्हंजे आजाऱ्याची पेज."

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही लिंगायत. जन्मात मटणाला शिवला नाहीत. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणून तर माजं मत निःपक्षपाती हाय," अण्णा म्हणाले.

झालं, आगच लागली. ग्रुप चालवणाऱ्या पुण्याच्या गृहस्थांनी फर्मान काढलं: शब्द मागे घ्या, नाहीतर काढून टाकतो. त्याखाली एकेकाचं "अनुमोदन" येऊ लागलं. आमच्याच गल्लीतला डॉक्टर, जो मला भेटला की अण्णांचं लिहिणं आठवून हसायचा, त्यानंही सगळे म्हणतात म्हणून अनुमोदन ठोकलं. महेशचं तेवढं नव्हतं. माझं टाळकं सटकलं. म्हटलं, "अण्णा, घाला चुलीत तो ग्रुप."

अण्णा चपलांकडं बघत बसले. "न्हाय बाबा," म्हणाले. "काडून टाकलं तर म्हेश कुटं भेटायचा?"

महेश म्हणजे त्यांचा मुलगा. ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हतं. मला होतं, कारण तो माझ्याच वर्गातला. गुळाचं दुकान नको म्हणून शिकागोला गेला. फोनवर बापलेकाचं बोलणं "बरा हाईस न्हवं?" "बरा आहे," एवढ्यावर आटपायचं. पोटभर बोलायचे ते ग्रुपवर, भांडताना.

अण्णांनी माफी मागितली. त्यानंतर कुठलाही विषय निघो, "लिव, मान्य." रंकाळा मान्य, दिलदार माणसं मान्य, पांढरा रस्सासुद्धा मान्य. ग्रुपवाल्यांनी कौतुक केलं. महेशचं उत्तर मात्र यायचं थांबलं, कारण आता तो खोडणार तरी काय? अण्णा रोज यायचे, "काय आलंय का?" विचारायचे आणि चहा न घेता जायचे. मला ते बघवत नव्हतं.

एका सकाळी अण्णा असतानाच कॅफेतला फोन वाजला. महेश होता, आवाज पार उतरलेला. "खरं सांग, अण्णांना काय झालंय? डॉक्टरला दाखवलंस का? ते सगळ्याला मान्य म्हणायला लागलेत."

मी फोन अण्णांच्या हातात दिला.

"मला काय धाड भरलीया?" ते खेकसले. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"दिवाळीला येतो म्हंतोस?" त्यांनी विचारलं. "माजं मत येगळं हाय. आदी ये."