पालासुराची वार्षिक तपासणी

कोणत्याही सुसंस्कृत समाजाला दुष्टांची नितांत गरज असते; फक्त ते रीतसर नोंदलेले असावेत, एवढीच अपेक्षा. याच उदात्त हेतूने चित्रकथा खलनायक मंडळ स्थापन झालं. प्राण्यांच्या शक्ती असलेल्यांसाठी तिथे वेगळी खिडकी आहे (जेवणाच्या सुट्टीत तीही बंद असते, समोर पंजे असोत वा नांग्या). दरवर्षीच्या तपासणीत एकसष्ट टक्के अर्जदार 'पुरेसे दुष्ट' ठरतात. उरलेल्यांची नायक विभागात बदली होते.

ही बदली म्हणजे काळं पाणीच. नायकाला पानोपानी हजर राहावं लागतं. खलनायक महिन्यातून एकदा, शेवटच्या चार पानांत येतो, मार खातो आणि घरी जातो.

पालासुराला हे वेळापत्रक फार सोयीचं होतं. त्याची शक्ती म्हणजे पालीसारखं कुठल्याही भिंतीला चिकटणं. घरी सात महिन्यांची मुलगी. ती पाळण्यात टाहो फोडायची, पण बापाच्या पाठीला बांधून छतावर नेली की पाच मिनिटांत गाढ. तिची आई सकाळीच कारखान्यात शर्टांना बाह्या लावायला जायची. पालासुराचं शेपूट या वर्षात तिसऱ्यांदा उगवत होतं (मुलीला दात येत होते).

तपासनीस बाई दुपारी अडीचला आल्या तेव्हा तो छतावरच होता.

"खाली या," बाई म्हणाल्या.

"आत्ताच डोळा लागलाय हो तिचा. जरा हळू."

बाईंनी आवाज उतरवला (नियमात तशी तरतूद नाही). "वर्षभरातली दुष्कृत्यं सांगा."

"बँकेच्या भिंतीवर चढलो होतो एकदा."

"मग?"

"हिच्या दुधाची वेळ झाली. उतरलो."

"कुणाला ओलीस वगैरे?"

"मीच आहे की. सात महिने झाले."

बाईंनी मान वर करून पाहिलं. पाठीवरून एक इवलासा पाय लोंबत होता, मोजा निसटलेला. त्यांनी स्टुलावर चढून मोजा नीट केला आणि खाली उतरून रकान्यात 'दुष्कृत्ये : निरंक' असं लिहिलं.

"ताई, मला नायक केलंत तर ही दिवसभर कुणाच्या पाठीवर झोपणार?"

"मी काय करू? परिसरातल्या दहशतीचे गुण तेवढे राहिलेत. त्यात काही निघालं तर बघू. शेजारी घाबरतात का तुम्हाला?"

"कालच एकीनं जळमटं काढायला बोलावलं होतं."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि त्या दारोदार चौकशीला निघाल्या.

निष्कर्ष मंडळाच्या इतिहासात अपूर्व ठरला. चाळीसपैकी अडतीस घरांत पालासुराची दहशत दररोज सरासरी सहा वेळा पसरवली जात होती: "गप गिळ तो घास, नाहीतर पालासुराला बोलावते." "झोपतोस, की तो उतरला खाली?" (उरलेल्या दोन घरांत मुलं नव्हती. त्यातल्या एकात हे नवऱ्याला सांगतात.) दहशतीत शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळवून पालासुर खलनायक म्हणून कायम झाला. पत्र आलं तेव्हा मुलगी त्याचं नवं शेपूट चावत होती.

मात्र मंडळाला न्यायाची चाड आहे. दहशत प्रत्यक्षात ज्यांनी पसरवली, त्या सगळ्या आईबापांना 'मानद खलनायक' म्हणून नोंदवून घेण्याचा ठराव एकमताने झाला. यादी मोठी असल्याने तुमचं पत्र यायला थोडा उशीर होईल. ओळखपत्रासाठी एक फोटो तयार ठेवा. काढायला मात्र मुलालाच सांगा. तुमचा खरा चेहरा त्यालाच माहीत आहे.