गंगारामची झांज बरी होते

शिरवण्याच्या देवळात गुरुवारचं भजन संपलं, तबकातला कापूर विझला आणि सिताराम बुवांनी गंगारामकडं बोट केलं. "तुजी झांज तडकली हाय. भद्द वाजते. मना तालच सापडत नाय. जत्रंच्या आदी नीट कर, नाय तर तुज्या जागंवर गोटीराम बसल."

गोटीराम म्हणजे बुवांचा जावई. त्याची नवी कोरी झांज पिशवीतच उतावीळ झाली होती. बुवांच्या डाव्या हाताची ती जागा गंगारामच्या बापाची, झांजही बापाचीच.

कासाराने हात झटकले. "कासं हाय बाबा. आच लागली का काचंसारखं फुटल." शेवटी गंगारामने जोडी फडक्यात बांधली आणि वाशीला नंदकिशोर साहेबांचं दार वाजवलं. साहेब कारखान्यात वेल्डिंगचे प्रमुख, गंगाराम तिथलाच माळी.

"होईल," साहेब म्हणाले. "पण घाई चालणार नाही."

"साहेब, जत्रा..."

"जत्रा तुमची, सांधा माझा."

रविवारी साहेबांनी चिरेच्या टोकाला सुईएवढं भोक पाडलं, म्हणजे चीर पुढं पळणार नाही. झांज हळूहळू तापवली, आर्गन वेल्डिंगने केसाएवढा सांधा भरला आणि बाळंतिणीसारखी गरम वाळूत निजवली. मग पाइपांतल्या बारीक चिरा दाखवणारा लाल रंग फासून पाहिला. एक रेघ उमटली नाही. काठाला राहिलेला लाल ठिपका घरी गंगारामच्या बायकोने, बयाबाईने पाहिला. "साहेबानी कुकू लावलं, अन हलद इसरले," म्हणत तिने नवऱ्याच्या झांजेला हळद वाहिली.

पुढच्या गुरुवारी झांज अशी वाजली, की शिखरावरचे पारवे उडाले. भरतीच्या पाण्यावर ऊन पडावं तसा नाद, लखलखीत. आणि त्या उजेडात साऱ्या गावाला पहिल्यांदा दिसलं, की ताल झांजेचा नव्हे, बुवांचा सुटतो. झांज समेवर पोचून उभी, बुवा अजून वाटेत! इतकी वर्षं त्या भद्द आवाजानेच बुवांवर पांघरूण घातलं होतं.

बायकांत खसखस पिकली. "बुवा कुटं रायले गं?"

"येतील. चालत निगालेत."

बुवांनी उपरण्याने घाम पुसला. "झांज लय चढलीय. जोडीतली एक माज्याकडं ठेव, देवापुडं ठेवतो. जत्रंचं मंग बगू."

गंगाराम काय ते समजला. फुटक्या झांजेपायी जाणारी जागा बऱ्या झांजेपायी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात बुवा, काखेत गाठोडं.

"साहेब, काम लय बेस झालं. पन... परत तडा पाडता येल काय? जास्ती नको. व्हता तेवडाच."

साहेबांचा चेहरा उतरला. "बुवा, मी सांधणारा माणूस. आणि माझा सांधा तुटत नाही."

"त्येच तर वांदं हायत!"

साहेबांच्या पत्नी सुनीतीबाई चहा घेऊन बाहेर आल्या. "आत या बुवा. तडा मागणारे तुम्ही दुसरे. पहिले कधीचे येऊन बसलेत."

आत खुर्चीच्या कडेवर गंगाराम अवघडून बसला होता. मांडीवर जोडीतली दुसरी झांज. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, मग दोघांनीही चहाकडं पाहिलं.

"तडा कशाला हवा?" सुनीतीबाई म्हणाल्या. "झांजेच्या मधल्या वाटीत आतून फडकं कोंबा. आमच्या पितळी डब्याचं झाकण खडखडायचं, त्याला मी तेच केलं."

"हे काय इंजिनीअरिंग झालं?" साहेब कळवळले.

"नाही. संसार झाला."

जत्रेला गंगाराम बापाच्या जागेवर बसला. झांजेच्या वाटीत साहेबांच्या जुन्या बनियनचा तुकडा. आवाज आला, भद्द! बुवा खुशाल मागं राहिले, कुणाला पत्ता लागला नाही. भजन संपताच बुवांनी साहेबांना पुढं बोलावून शाल घातली, हातात नारळ दिला. "काय आवाज आनलाय साहेबानी! याला म्हनतात वेल्डिंग!"

साहेब मान खाली घालून पायऱ्या उतरत होते, तेवढ्यात मागून गोटीराम धावत आला आणि त्याने आपली नवी कोरी झांज पुढं केली.

"साहेब, ही लय किनकिन करते. हिला पन तसंच वेल्डिंग मारा ना!"